सांगितलेल्या शब्दाचा ताळा

आपल्या पेढीवर, दुकानात वा कारखान्यात दिलेली सूचना काम करणाऱ्या माणसापर्यंत खरोखर पोहोचते का, आणि ते मोजावे कसे?

व्यापारी घरात वाढणाऱ्या मुलावर हिशोबाचा संस्कार फार लवकर होतो. दुकानाचे शटर खाली ओढण्यापूर्वी गल्ला मोजला जातो, रोजमेळाशी रोकड जुळवली जाते आणि दहा रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत कोणी घरी निघत नाही. वर्षअखेर मालाची मोजदाद होते, येणे-देणे तपासले जाते आणि खतावणीवरून ताळेबंद उभा राहतो. बेरीज केली की ताळा पाहायचा, ही सवय आपल्या हाडीमासी मुरलेली आहे. मात्र त्याच पेढीवर दिवसभरात मालकाच्या तोंडून ज्या पन्नास-शंभर सूचना निघतात, त्यांचा ताळा कोणी पाहत नाही. कोणाला काय सांगितले, त्यातले त्याला किती कळले, आणि कळले त्यातले किती त्याच्या हातून घडले, याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही. चूक झाली की ‘मी सांगितले होते’ एवढे वाक्य आपण पुरावा म्हणून पुढे करतो. सूचना देताना समोरून आलेले ‘हो, शेठ’ आपण पावती मानलेले असते.

ही पावती कितपत खरी मानावी, हा या लेखाचा विषय आहे. मोठ्या कंपन्यांत अशा मोजमापासाठी स्वतंत्र विभाग असतात, प्रश्नावल्या असतात, बाहेरचे सल्लागार असतात. वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्यात किंवा आठ-दहा नोकरांच्या दुकानात यांपैकी काहीच नसते. तरीही मोजमापाची गरज तेथे कमी नाही. कारण तेथे एका न कळलेल्या सूचनेची किंमत कधी एका गिऱ्हाइकाने, कधी एका मालाच्या खेपेने, तर कधी एखाद्या तरुण कामगाराच्या बोटांनी मोजावी लागते.

एका छपराखाली अनेक भाषा

वसई पूर्वेकडील वालीव, गोखिवरे, सातिवली, पेल्हार या पट्ट्यात लहान-मोठ्या कारखान्यांचे गाळे एकमेकांना खेटून उभे आहेत. प्लास्टिकच्या वस्तू, पॅकिंगचे साहित्य, यंत्रांचे सुटे भाग, तयार कपडे अशा कितीतरी गोष्टी येथे घडतात. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचे गाळे येथे आहेत आणि दुकाने स्टेशन परिसरात आहेत. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या पुढे गेलेली होती, आणि त्यातला मोठा भाग बाहेरून पोटासाठी आलेल्या माणसांचा आहे.

अशा एखाद्या गाळ्यात सकाळी कोण कोण येते ते पाहावे. मालक घरी मारवाडी, गुजराती वा कच्छी बोलतो. हिशोबनीस मराठी असतो. सुपरवायझर पूर्व उत्तर प्रदेशातला, यंत्रावरची मुले बिहार-झारखंडची, एखादा ओडिशाचा. पॅकिंगच्या टेबलावर नालासोपाऱ्याच्या चाळींतून आलेल्या स्त्रिया, आणि हमालीला पूर्वेकडच्या पाड्यांवरून आलेली वारली माणसे. पश्चिमेच्या गावांतून येणारा कोणी घरी वाडवळी किंवा कादोडी बोलत असतो. या सगळ्यांना जोडणारी हिंदी ही बहुतेकांची दुसरी किंवा तिसरी भाषा असते. कामापुरते शब्द तीत असतात. शंका विचारायला, हरकत घ्यायला, ‘मला हे जमणार नाही’ असे सांगायला लागणारे शब्द पुष्कळांजवळ नसतात.

म्हणून ‘हो, शेठ’ या दोन शब्दांचे निदान चार अर्थ होतात. मला कळले, हा एक. मी ऐकले पण कळले नाही, हा दुसरा. कळले पण पटले नाही, हा तिसरा. आणि चौथा अर्थ असा की, विचारले तर अज्ञान उघडे पडेल, म्हणून आत्ता मान डोलवतो, नंतर शेजाऱ्याला विचारीन. मालकाच्या कानाला चारही सारखेच ऐकू येतात.

निरोप पोहोचला की नाही, याची परीक्षा कधीकधी आभाळही घेते. जुलै २०१८ मधल्या पावसात नालासोपारा-वसई भागात रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले आणि लोकलसेवा थांबली. अशा दिवशी ‘आज गाळा बंद आहे’ हा साधा निरोप घराबाहेर पडण्यापूर्वी किती कामगारांना मिळाला आणि किती जण कमरेइतक्या पाण्यातून बंद दारापर्यंत येऊन परत गेले? हा आकडा काढायला कोणताही सल्लागार लागत नाही. पुढे मे २०२० मध्ये वसई रोडवरून श्रमिक गाड्या सुटल्या, तेव्हाही असाच प्रश्न उभा राहिला होता: पाच-सात वर्षे आपल्याकडे राबणाऱ्या माणसाचे गाव कोणते, घरचा फोन कोणता, हे किती मालकांना ठाऊक होते? बोलणे एकाच दिशेने चालत आले असेल, तर अशा वेळी हाताशी काही उरत नाही.

सोपाऱ्याच्या दगडाने सांगितलेले

या विषयाचे एक फार जुने उदाहरण आपल्या शेजारीच पडून होते. नालासोपाऱ्याजवळचे सोपारा हे प्राचीन शूर्पारक बंदर. जैन परंपरेतही सोपारक म्हणून ते परिचित आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली येथील स्तूपाचे उत्खनन केले, आणि त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सोपाऱ्यात मिळाला. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात सापडला. हाती आलेले अंश त्रुटित आहेत. पण याच लेखांचा पाठ गिरनारच्या वाटेवरील खडकावर कोरलेला आहे. जुनागढहून यात्रेला गेलेल्या पुष्कळ वाचकांनी तो खडक पाहिला असेल.

या दोन लेखांचा आशय आपल्या विषयाला थेट भिडतो. पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि विहारासाठी दौरे काढत. अशोकाने त्यांच्या जागी धर्मयात्रा सुरू केल्या, असे आठवा लेख सांगतो. या यात्रांत ब्राह्मण-श्रमणांचे दर्शन, वृद्धांची भेट, दानधर्म यांबरोबर खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटणे, त्यांना उपदेश करणे आणि त्यांच्याशी प्रश्नोत्तर करणे यांचा उल्लेख आहे. उपदेशाच्या जोडीला परिपृच्छा ठेवलेली आहे, हे ध्यानात घ्यावे. नवव्या लेखात मंगलकार्यांची चर्चा आहे. आजारपण, विवाह, अपत्यजन्म, प्रवास यांच्या निमित्ताने लोक नाना विधी करतात. पण खरे फळ देणारे मंगल कोणते, तर दास आणि सेवक यांच्याशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम. त्या यादीत सेवकांशी वागण्याला पहिले स्थान आहे.

याहून नेमका दाखला ओडिशातील धौली आणि जौगड येथील स्वतंत्र कलिंग लेखांत मिळतो. तेथे राजा आपल्या अधिकाऱ्यांना उद्देशून बोलतो. माझ्या सांगण्याचा आशय कोठवर जातो हे तुम्हांला पुरते उमगलेले नाही. एखाद्याला उमगले असले तरी अंशतः, संपूर्ण नव्हे, असे तो त्यांना स्पष्ट सांगतो. मग ठरावीक काळाने तिष्य नक्षत्राच्या दिवशी हा लेख वाचून दाखवावा आणि मधल्या काळातही, ऐकणारा एकच मनुष्य असला तरी, वाचून दाखवावा, अशी त्याची आज्ञा आहे. आणि शेवटी, दर पाच वर्षांनी कठोर नसलेला, सौम्य वृत्तीचा अधिकारी दौऱ्यावर पाठवून आपल्या सांगण्याप्रमाणे काम चालते की नाही हे पाहिले जाईल, असेही त्याने नोंदवून ठेवले आहे. वायव्येकडील लेख खरोष्ठी लिपीत, तर कंदाहारचा लेख ग्रीक आणि अरामाइक भाषांत कोरला गेला. म्हणजे ऐकणाऱ्याची लिपी आणि भाषा यांचाही विचार झालेला होता.

ऐकणाऱ्याची भाषा वापरणे, पुन्हा पुन्हा वाचून दाखवणे, समज अपुरी राहिली हे मोकळेपणाने मान्य करणे आणि काही काळाने आचरण तपासायला सौम्य माणूस पाठवणे: आजच्या व्यवस्थापनशास्त्रातील मोजमापाची जवळजवळ सगळी अंगे येथे आलेली आहेत.

चार पायऱ्या

आधुनिक काळात याच गोष्टीला सुटसुटीत मांडणी मिळाली. १९५९ साली डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाने प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार पायऱ्यांनी करावे असे सुचवले: शिकणाऱ्याला ते कसे वाटले, तो काय शिकला, त्याच्या वागण्यात काय बदलले, आणि कामाच्या फळात काय फरक पडला. मांडणी प्रशिक्षणासाठी होती; थोडा फेर करून ती रोजच्या सूचनांनाही लावता येते. आपल्या गाळ्यासाठी चार प्रश्न असे करता येतील.

पहिला, शब्द पोहोचला का? दुसरा, तो कळला का? तिसरा, तो हातात उतरला का? चौथा, परतीचा शब्द आला का, म्हणजे कामगाराची शंका, हरकत वा सूचना आपल्यापर्यंत पोहोचली का?

आपल्याकडे बहुधा पहिल्याच पायरीवर समाधान मानले जाते. फलकावर नोटीस लावली, व्हॉट्सॲपच्या गटात निरोप टाकला, निळ्या खुणा उमटल्या, की काम झाले असे वाटते. निळी खूण एवढेच सांगते की कोणाच्या तरी हातात फोन होता आणि निरोप उघडला गेला. वाचता न येणाऱ्या आईचा फोन तिचा मुलगा उघडत असेल, तरीही खूण निळीच होते. कायद्यानेही ही अडचण ओळखलेली होती. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या १०८ व्या कलमाने सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, मुख्य प्रवेशद्वाराजवळ ठळक आणि सोयीच्या जागी लावण्याचे बंधन घातले. ‘समजणाऱ्या भाषेत’ ही अट फार मोलाची आहे. आपल्या फलकावर आज कोणती भाषा आहे, आणि तो कागद कोणत्या साली डकवला होता, हे दुकान-गाळ्यात जाऊन एकदा पाहून घ्यावे.

पंचवीस माणसांच्या गाळ्यात प्रत्यक्ष कसे करावे

एक उदाहरण कल्पून पाहू. समजा, पत्र्याचे भाग कापणारा एक गाळा आहे. पॉवर प्रेसवर पंचवीस माणसे दोन पाळ्यांत काम करतात. मालकाने सोमवारी सगळ्यांना उभे करून सांगितले की, प्रेसमध्ये तुकडा अडकला तर काय करायचे. सूचनेत चार मुद्दे होते. एक, स्विच बंद करून मोठे चाक पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची. कारण वीज गेली तरी ते चाक काही काळ फिरत राहते. दोन, तुकडा बोटांनी न काढता चिमट्याने काढायचा. तीन, गार्ड परत बसवल्याखेरीज यंत्र सुरू करायचे नाही. चार, गार्ड मोडलेले असेल तर काम थांबवून कळवायचे; थांबलेल्या वेळेचा पगार कापला जाणार नाही.

आता ताळा. मंगळवारी दोन्ही पाळ्यांत मिळून पंचवीसपैकी किती जणांच्या कानावर ही सूचना गेली ते मोजावे. त्या दिवशी गैरहजर असलेले, रात्रपाळीचे आणि ठेकेदारामार्फत आलेले, असे तीन गट वेगळे लिहावेत. गळती बहुधा तेथेच सापडते. ही झाली पहिली पायरी.

दुसऱ्या पायरीसाठी दहा जणांना एकेकटे बाजूला घेऊन एवढेच म्हणावे: ‘सोमवारी काय ठरले ते तुमच्या शब्दांत सांगा.’ ‘कळले ना?’ असा प्रश्न मुळीच विचारू नये. त्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे. माणूस बोलेल त्या भाषेत बोलू द्यावे आणि चारपैकी कोणते मुद्दे आले तेवढ्याच खुणा कागदावर कराव्यात. दहा माणसे, चार मुद्दे, म्हणजे एकूण चाळीस खुणा. समजा, पहिला मुद्दा नऊ जणांनी सांगितला, दुसरा आठांनी, तिसरा सातांनी आणि चौथा दोघांनी. बेरीज सव्वीस, चाळीसात सव्वीस म्हणजे पासष्ट टक्के.

हा टक्का वहीत लिहून ठेवावा, पण त्यावर थांबू नये. कोणता मुद्दा कोठे गळला, हे त्याहून महत्त्वाचे असते. या उदाहरणात चौथा मुद्दा गळला आहे, आणि सर्वांत गंभीर तोच होता.

तिसऱ्या पायरीसाठी बोलण्याकडून हाताकडे वळावे. आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने, न सांगता, दिवसाच्या तीन वेगवेगळ्या वेळी यंत्रांसमोरून फेरी मारावी. किती यंत्रांवर गार्ड आहे, चिमटा हाताशी आहे का, की तो मालकाच्या कपाटात कुलपात आहे? पाळी संपताना, माल पोहोचवण्याची घाई असताना आणि मालक गावाला गेलेला असताना काय चालते, तेच खरे आचरण. म्हणून एखादी फेरी दुसऱ्या विश्वासू माणसाने मारलेली बरी.

यात नवीन काही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांत नवख्या कामगारांना शिकवण्यासाठी जो कार्यक्रम राबवला गेला, त्यात शिकवण्याच्या चार पायऱ्या होत्या: माणसाची तयारी करणे, काम दाखवणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि नंतर लक्ष ठेवणे. तिसऱ्या पायरीत कामगाराने काम करता करता त्यातले महत्त्वाचे मुद्दे स्वतःच्या तोंडाने सांगायचे असत. माणूस शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेच नाही, अशी त्यामागची दृष्टी होती. आपल्या ‘मी सांगितले होते’ या वाक्याला हे चोख उत्तर आहे.

दुकानालाही हीच रीत लागू पडते. कापडाच्या दुकानात दिवाळीपूर्वी ‘माल बदलून देण्याचा नियम’ ठरला असेल, तर ओळखीच्या एखाद्या बाईंना गिऱ्हाईक म्हणून पाठवावे आणि तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांना तोच प्रश्न विचारायला सांगावे. तीन उत्तरे मिळाली, तर चूक विक्रेत्यांची समजू नये; नियम तीन वेळा तीन प्रकारे सांगितला गेला असण्याचा संभव अधिक आहे. ही पाहणी कोणाला पकडण्यासाठी नाही, हे मात्र आधीच सर्वांना सांगून ठेवावे.

चौथा मुद्दा का गळला?

आपल्या उदाहरणाकडे परत येऊ. गार्ड मोडले तर थांबा, पगार कापणार नाही, हे वाक्य दहापैकी दोघांनाच का आठवले? भाषा तीच होती, वेळ तीच होती, सांगणाराही तोच होता.

कारण शोधायला संध्याकाळी गाळ्यात उभे राहावे. मालक आल्यावर पहिला प्रश्न विचारतो, ‘आज किती पीस निघाले?’ सुपरवायझर आकडा सांगतो. कमी असेल तर ‘का?’ हा दुसरा प्रश्न येतो. हा संवाद वर्षाचे तीनशे दिवस चालतो, आणि यंत्रावरचा मुलगा तो रोज ऐकतो. त्याच्या तुलनेत सोमवारचे भाषण एका दिवसाचे होते. दोन निरोप परस्परविरोधी आले की माणूस ज्याच्यामागे रोजचा हिशोब आहे तोच खरा मानतो, आणि ते व्यवहाराला धरूनच आहे. त्याने चौथा मुद्दा ऐकला होता, पण त्यावर विश्वास ठेवला नव्हता. म्हणून तो लक्षात राहिला नाही.

मोजमापाचा खरा उपयोग येथे दिसतो. आकडा कामगाराच्या आकलनाचा काढला, आणि त्यात मालकाच्या दोन तोंडी बोलण्याचे प्रतिबिंब पडले. अशा वेळी तीच सूचना मोठ्या आवाजात पुन्हा सांगून उपयोग नसतो. संध्याकाळचा प्रश्न बदलावा लागतो. ‘आज कोणते यंत्र थांबवावे लागले?’ हा प्रश्न पिसांच्या आधी आला, आणि थांबलेल्या दोन तासांचा पगार महिनाअखेर स्लिपवर पूर्ण दिसला, की पुढच्या ताळ्यात चौथ्या मुद्द्यापुढे दोनाऐवजी पाच-सहा खुणा पडू लागतील, अशी अपेक्षा धरता येते. आपल्या परंपरेत भाषासमिती सांगितली आहे, ती साधूंच्या वाणीसंयमाची. पण गृहस्थानेही तिच्यातून एवढे घ्यावे की, तोंडून निघालेल्या शब्दाची जबाबदारी बोलणाऱ्यावर असते.

परतीचा शब्द

चौथी पायरी सर्वांत अवघड आहे. वरून खाली जाणारा निरोप मोजता येतो. खालून वर न आलेला निरोप मोजायचा कसा? त्यासाठी एक साधी वही ठेवावी. कामगारांकडून आलेली प्रत्येक तक्रार, सूचना आणि ‘थोडक्यात वाचलो’ असा प्रत्येक प्रसंग तारखेसह तीत लिहावा. सांगणाऱ्याचे नाव लिहू नये. शेजारी उत्तर दिल्याची तारीख लिहावी. महिनाअखेर दोनच आकडे काढावेत: नोंदी किती आल्या, आणि उत्तर मिळायला सरासरी किती दिवस लागले.

येथे आपल्या नेहमीच्या हिशोबाचा नियम उलटतो. वही कोरी राहिली तर आनंद मानू नये. पंचवीस माणसे आणि दहा यंत्रे महिनाभर चालली आणि एकही अडचण आली नाही, असे होत नाही. अडचणी आल्या आणि त्या मालकापर्यंत पोहोचल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. सुरुवातीच्या काही महिन्यांत नोंदी वाढल्या, तर विश्वास वाढल्याची ती खूण समजावी. गंभीर अपघाताच्या आधी अनेकदा लहान प्रसंग घडून गेलेले असतात. ते बोलले गेले, तर बोटे वाचतात.

सरकारनेही आता याला कायद्याचे रूप दिले आहे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनुसार वीस वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी लागते, आणि तिच्यात मालक व कामगार या दोन्ही बाजूंचे समसमान प्रतिनिधी असतात. समिती केवळ कागदावर राहिली, की कोऱ्या वहीसारखीच ती फसवी ठरते.

मोजताना सांभाळावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट भीतीची. मालकाने स्वतः समोर बसून ‘आमचे बोलणे तुम्हांला कळते का?’ असे विचारले, तर शंभर टक्के कौल मिळेल आणि तो निरुपयोगी असेल. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. आरंभी ठरावीक प्रश्न विचारले जात. पुढे ध्यानात आले की माणसाला त्याच्या मनातले बोलू दिले तर अधिक हाती लागते, आणि पद्धत बदलण्यात आली. आपल्याकडेही विचारणारा माणूस सुपरवायझर नसावा, कारण पुष्कळदा गळती त्याच्याच पायरीवर झालेली असते. स्त्री-कामगारांशी घरातील एखादी सून वा मुलगी बोलली तर उत्तम. अशोकाने पाठवायचा माणूस सौम्य असावा असे म्हटले होते, त्याचे कारण हेच असावे.

दुसरी गोष्ट आधीच्या नोंदीची. नवी पद्धत सुरू करण्यापूर्वी एकदा मोजून ठेवावे. आधीचा आकडा नसेल, तर नंतरचा आकडा चांगला की वाईट हे ठरत नाही. शिवाय रिजेक्शन कमी झाले ते सूचना कळल्यामुळे, की नवा चांगला पत्रा आल्यामुळे, हे दोन पाळ्यांची तुलना केल्याखेरीज सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट आकड्याच्या मोहाची. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात दाखवून दिले की, एखाद्या मापावर नियंत्रणासाठी भार टाकला की ते माप विश्वासार्ह राहत नाही. समज-चाचणीच्या गुणांवर बक्षीस ठेवले, तर चारही मुद्दे पोपटासारखे पाठ होतील आणि हात मात्र पूर्वीसारखाच यंत्रात जाईल. म्हणून हा आकडा बक्षिसाशी वा दंडाशी जोडू नये. तो मालकाच्या स्वतःच्या कामाचा आकडा आहे.

चौथी गोष्ट मर्यादेची. सगळ्या सूचना मोजायला गेलो तर काम बंद पडेल. तीन महिन्यांतून एक सूचना निवडावी. जिच्या न कळण्याने माणसाला इजा, मालाचे नुकसान किंवा गिऱ्हाइकाचा विश्वासभंग संभवतो, अशी. वर्षाला चार ताळे पुरेत.

किर्लोस्करवाडीत १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली, ती कारखान्याचे मुखपत्र म्हणूनच. पुढे तिचेच मराठी घराघरांत वाचले जाणारे मासिक झाले. उद्योगाने आपल्या माणसांशी बोलण्याची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. नव्या पिढीतील शिकून आलेली मुले-मुली पेढीवर बसू लागली आहेत. जमाखर्च संगणकावर नेण्याचे काम त्यांनी सहज केले. सूचनेचा ताळा ठेवण्याचे काम घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांच्या हाती सोपवावे, आणि निघालेला आकडा अप्रिय असला तरी तो शांतपणे ऐकून घ्यावा.

कारण या सगळ्या खटाटोपाची कसोटी एका क्षणी लागते. उद्या दुपारी, माल भरायला टेम्पो दारात उभा असताना, एकोणीस वर्षांचा एखादा मुलगा यंत्र बंद करून येईल आणि अडखळत्या हिंदीत सांगेल की गार्ड तुटले आहे. त्या वेळी शेठच्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो, हे बाकीचे चोवीस जण कान देऊन ऐकत असतील. ‘किती वेळ लागेल?’ असा तो निघाला, तर पुढच्या वेळी ते यंत्र बंद होणार नाही. ‘तुला लागले नाही ना?’ असा निघाला, तर चौथा मुद्दा त्यांना पुन्हा समजावून सांगावा लागणार नाही.